न धुतलेली बरणी

येन्शेपिंग, ९ सप्टेंबर १९७६

प्रिय सिक्स्टेन,

फोनवर तू नुसता हूं हूं करतोस आणि मागे तुझ्या बायकोच्या, औनेच्या, बादल्या वाजत असतात. म्हणून लिहिते आहे.

रोसाचा चीक काल बसने पोचला. बरणी शाबूत होती. आईच्या रीतीने आधी बशीत चमचाभर भाजून पाहिला. सुरी उभी राहिली. मग एकास दोन साधं दूध घालून, वेलदोडा कुटून मोठ्या भांड्यात खरवस लावला. शिवणमंडळाच्या सगळ्या जणी आल्या होत्या. श्रीमती एकलुंड दुसऱ्यांदा घेताना म्हणाल्या, "हेडविग, आता असा खरवस फक्त तुझ्या घरी." मी म्हटलं, माझ्या नव्हे, ल्युंगहुल्टच्या. आईच्या.

बरणी सोबत परत पाठवते आहे. धुतलेली नाही. धुतलेली बरणी परत गेली की गाय आटते, हे तुला माहीत आहे. पण औने ती घेईल तेव्हा नाक मुरडेल, तिला सांग. स्ट्रांडच्या बाईने एकदा आईची बरणी धुवून पाठवली होती. "पुन्हा देऊ नका असं सांगायचं होतं, तर तोंडाने सांगायचं," एवढंच आई बोलली, आणि मग अकरा वर्षं तिच्याशी बोलली नाही.

आता महत्त्वाचं. नऊ ऑक्टोबरला मंडळाचा शरद मेळावा आहे. चाळीस माणसं. मी सगळ्यांना खरवस कबूल करून बसले आहे. दोन गायींचा तरी पहिला चीक लागेल, आणि तो पहिलाच, दुसऱ्या धारेचा नको.

रोसाला काय झालं, कालवड की गोऱ्हा? पहिला दिवस त्याला जवसाची पेजच द्या. घट्ट चीक पोटात जाऊन दगड होतो. गेल्या वर्षी तुमची दोन वासरं गेली, तेव्हाही मी विचारलं होतं, पण तू उत्तर दिलं नाहीस. आईच्या हातून एकही वासरू गेलं नाही.

तुझी,
हेडविग


ल्युंगहुल्ट, १९ सप्टेंबर १९७६

प्रिय हेडविग,

रोसाला गोऱ्हा झाला होता. आठव्या दिवशी गेला. लिल्लाची कालवड काल गेली. दोघांचं सारखंच. पाचव्या दिवसापर्यंत ठीक, मग पांढरी हगवण, मग डोळे खोल जातात, मग उठत नाही.

नव्या गोठ्यात वासरांची खोली वेगळी आहे. भिंतींना चुना दिला आहे, फरशी रोज धुतो. शेतकी सल्लागाराने सांगितलं होतं की वासरू गायीपाशी ठेवू नका, रोग लागतो. म्हणून आता वासरू जमिनीवर पडतं न पडतं तोच मी ते उचलतो आणि पलीकडे नेतो. गायीला ते दिसतही नाही. पेज देतो. दुसऱ्या दिवसापासून दूध.

पाजायचं काम औनेचं. ती दोन बोटं तोंडात देते आणि चोखायला लागलं की हात बादलीत नेते. मला तेवढा धीर नाही. ती चांगलं पाजते. तरी मरतात.

ती म्हणते पहिला चीक वासराला दे. तिच्या गावी, फिनलंडला, आधी वासरू आणि मग माणसं. मी म्हटलं, तो हेडविगला जायचा आहे. ती म्हणाली, "तुझी बहीण काय चार पायांची आहे?"

मी हसलो. ती हसली नाही.

मेळाव्याचं लक्षात आहे. त्या सुमारास डॉक्का विणार आहे. ब्लोम्माही.

सिक्स्टेन


येन्शेपिंग, २४ सप्टेंबर १९७६

प्रिय सिक्स्टेन,

चार पायांचं वाचलं. मला हसू आलं नाही, तुला का आलं हेही कळलं नाही.

मी बत्तीस वर्षं शाळेत मुलींना स्वयंपाक शिकवला. एकाच पिठाचे बारा जणींचे बारा पाव होतात. पीठ तेच असतं. हात वेगळे असतात. तुझा गोठा नवा, भिंती नव्या, गाई त्याच, रीत तीच. मग नवं काय आहे, ते तूच पाहा.

बादली उकळत्या पाण्याने धुते का ती? दूध हाताला लागेल इतकंच कोमट असतं का? मी मागे आले होते तेव्हा बादली खिडकीत उपडी घातलेली होती आणि कडेला सुकलेलं दूध होतं. तेव्हा बोलले नाही. आता बोलते.

तिला वाईट म्हणत नाही. बुरोसच्या गिरणीत सूत कातणारी बाई, तिला वासरांचं काय कळावं? पण तू तिच्या शब्दावर आईची रीत मोडणार असशील तर आधी मला कळव. डॉक्का ही आईच्या गायींतली शेवटची. तिचं वासरू मेलं तर ल्युंगहुल्टला आईचं काही उरणार नाही. भिंती तर तू आधीच पाडल्यास.

वासरांचं पाजणं काही दिवस तू स्वतः बघ.

तुझी,
हेडविग


ल्युंगहुल्ट, ६ ऑक्टोबर १९७६

प्रिय हेडविग,

बघतो आहे. दहा दिवस झाले. बादली उकळतो. दुधात थर्मामीटर घालतो. औने घरात असते. ती म्हणाली, "बरं झालं, आता मरतील ती तुझ्या हातून." असं बोलू नये. पण तिच्याही हाताला काम राहिलेलं नाही.

मायरोसचं गेलं. लिल्ला नावाच्या दुसऱ्या गायीचंही. म्हणजे चार.

डॉक्का परवा, सोमवारी व्याली. कालवड. मी दूधसंघाच्या बैठकीला गेलो होतो. आलो तेव्हा औनेने सगळं उरकलं होतं. वासरू खोलीत, पेंढा घातलेला, गाय पिळलेली, बरणी भरून थंड पाण्यात ठेवलेली. तिने वासराला नावही दिलं आहे, किएलो. त्यांच्याकडे तसं एक पांढरं फूल असतं. कपाळावर टिपका आहे म्हणून.

ब्लोम्मा काल व्याली. तिचीही बरणी भरली आहे. दोन्ही उद्याच्या बसने येतील. चालकाला सांगितलं आहे की उन्हाच्या बाजूला ठेवू नकोस.

सिक्स्टेन


येन्शेपिंग, १२ ऑक्टोबर १९७६

सिक्स्टेन,

चाळीस माणसांसमोर खरवस धरला नाही.

एका बरणीचा धरला. जिच्यावर डॉक्काची चिठ्ठी होती, त्या बरणीचा नाही. चमचाभर भाजून पाहायला वेळ नव्हता आणि मी म्हटलं, आईच्या गायीचा चीक, त्यात काय पाहायचं. दीड तास भट्टीत ठेवला. बाहेर काढलं तर वर साय आणि खाली पाणी. ताटं मांडलेली. मुरंबा वाढलेला. पाद्रीबुवा म्हणाले, "काही हरकत नाही, आपण ते पिऊ." सगळे हसले. श्रीमती एकलुंड सगळ्यांत जास्त.

मी स्वयंपाक शिकवला आहे. चीक कधी धरत नाही ते मला माहीत आहे. त्या बरणीत तीन हिस्से साधं दूध होतं. गायीच्या कासेत दूध घालता येत नाही. ते बरणीत घातलं जातं. सोमवारी तू घरी नव्हतास. कोण होतं?

मी नाव लिहीत नाही. तू विचार.

बरणी परत पाठवते आहे. मी ती धुतलेली नाही, एवढं लक्षात ठेव.

हेडविग


ल्युंगहुल्ट, १५ ऑक्टोबर १९७६

हेडविग,

विचारलं. तिने नाकारलं नाही. वासराला पाजला म्हणाली. तीन लिटर. कमी पडलं म्हणून वर रोसाचं दूध ओतलं.

जे बोलायचं ते बोललो. औने तिच्या बहिणीकडे बुरोसला गेली आहे. काही दिवसांसाठी.

सिक्स्टेन


येन्शेपिंग, २० ऑक्टोबर १९७६

प्रिय सिक्स्टेन,

वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. राग मला चिकाचा नाही. लपवण्याचा आहे. मागितला असता तर मी समजावून सांगितलं असतं.

ती काही दिवस तिकडे राहते हे बरंच. तू जरा झोप घे. शेजारच्या ग्रेटाला सांग, ती येऊन पाव भाजून जाईल. तुझ्यासाठी लोकरीचे दोन मोजे पाठवते आहे, टाचेला दुहेरी.

डॉक्काच्या कालवडीची काळजी वाटते. तीन लिटर घट्ट चीक पहिल्याच दिवशी पोटात. तू तिला जवसाचं पाणी देत राहा. वाचली तर माझ्या मते तुझ्या हातांमुळे वाचेल.

तुझी,
हेडविग


ल्युंगहुल्ट, ८ नोव्हेंबर १९७६

हेडविग,

मोजे मिळाले.

किएलो जिवंत आहे. तिला एक दिवसही हगवण लागली नाही. पाच आठवड्यांची झाली, गवत चघळते. तिला मी जवसाचं पाणी दिलं नाही. तिने ते तोंडात घेतलंच नाही.

ब्लोम्माचा गोऱ्हा आजारी पडला तेव्हा मी गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. रीडेल म्हणून नवी बाई आली आहे जिल्ह्याला. तरुण आहे. स्वतःचे बूट घेऊन आली आणि आत शिरण्याआधी ते धुतले. खोली पाहिली. म्हणाली, "इतकी स्वच्छ खोली मी या तालुक्यात पाहिली नाही." मला बरं वाटलं. मग तिने विचारायला सुरुवात केली. जसं झालं तसं लिहितो.

"पहिल्या सहा तासांत काय पाजता?"

"जवसाची पेज."

"आणि चीक?"

"तो पहिला दिवस देत नाही."

"मग कुठे जातो?"

"बसने."

"बसने?"

"येन्शेपिंगला. माझ्या बहिणीकडे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि बहीण आजारी पडत नाही ना कधी?"

मी म्हटलं, नाही, तिची तब्येत उत्तम असते. तेव्हा तिने टोपी काढली आणि बादलीवर बसली. तिने सांगितलं की वासरू जन्माला येतं ते उघडं येतं. त्याच्या रक्तात रोगाशी लढायला काही नसतं. ते सगळं पहिल्या चिकात असतं, आणि आतड्याचं दार एकच दिवस उघडं असतं. दर तासाला थोडं थोडं मिटतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बादलीभर दिलंत तरी ते दूधच.

तिने दोघांचं रक्त नेलं. परवा फोन आला. ब्लोम्माच्या गोऱ्ह्याच्या रक्तात काहीच नाही. किएलोच्या रक्तात भरपूर. "हिला कोणीतरी वेळेवर पाजलं," डॉक्टर म्हणाली. "कोणी?"

मी सांगितलं, माझ्या बायकोने.

"मग तिलाच विचारायचं होतंत की. मला कशाला बोलावलंत?"

गोऱ्हा काल गेला. सहांतली पाच गेली.

सिक्स्टेन


येन्शेपिंग, १४ नोव्हेंबर १९७६

प्रिय सिक्स्टेन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तरुण डॉक्टर पुस्तकातून येतात आणि दर वीस वर्षांनी पुस्तक बदलतं. मला शाळेत शिकवायला लावलं होतं की पालक चाळीस मिनिटं उकळा. पुढे तेच लोक म्हणाले, उकळूच नका.

तू मला एवढंच समजावून सांग. आईने आयुष्यभर पहिला चीक घरात घेतला. पाद्र्यांकडे, शेजारी, शाळामास्तरांकडे, सगळीकडे बरण्या जायच्या. वासरू बांधलेलं असायचं, दोन हात लांब, गायीच्या डोळ्यांसमोर. पेज प्यायचं. आणि एकही मेलं नाही. एकही. तुझी डॉक्टर याला काय म्हणते?

हेडविग


ल्युंगहुल्ट, २१ नोव्हेंबर १९७६

हेडविग,

डॉक्टरला विचारायची गरज नाही. मला माहीत आहे.

आई वासरू बांधून घरात जायची. चूल पेटवायची, बादली तापवायची, केस विंचरायची. विस्कटलेल्या केसांनी ती गायीखाली बसत नसे. त्यात तासभर जायचा. त्या तासात मी दोरी सोडायचो.

तू तेव्हा शिक्षणाला निघून गेली होतीस. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वासरू ओरडायचं, गाय वळून वळून बघायची, ते मला ऐकवत नसे. सोडलं की धडपडत जाऊन लागायचं. पोट फुगेपर्यंत प्यायचं. मग मी त्याचं तोंड पेंढ्याने पुसून पुन्हा बांधायचो, आईची ती दुहेरी गाठ. आई यायची, उरलेलं पिळायची आणि म्हणायची, पहिला चीक, कोणी शिवलेला नाही.

मला वाटायचं मी आईला फसवतो आहे. त्याचं वासराशी काही नातं आहे असं कधी वाटलं नाही. आई गेल्यावर मी बांधायचंच सोडलं, पण तेही आळसाने. वासरू रात्रभर गायीपाशी असायचं आणि मी सकाळी जे उरलं ते पिळून तुला पाठवायचो. तू म्हणायचीस, आईसारखाच घट्ट.

मग नवा गोठा बांधला. जुन्या गोठ्यात दोरी होती, म्हणून ती सोडता येत होती. इथे दोरीच नाही. इथे भिंत आहे, चुना दिलेली.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. औनेलाही नाही.

सिक्स्टेन


येन्शेपिंग, ३ डिसेंबर १९७६

प्रिय सिक्स्टेन,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

ती दुहेरी गाठ अंधारात सोडायची असेल तर खालचं टोक आधी आत ढकलावं लागतं, ओढायचं नाही. ओढलं तर ती आवळते. तुला हे आपोआप कळलं असेल. मला कळायला दोन हिवाळे लागले.

तुझ्या आधी मी सोडत होते. बारा वर्षांची होते तेव्हापासून, घर सोडलं तोपर्यंत. तोंडाचा फेस मी एप्रनला पुसायची. एकदा आईने तो एप्रन खुंटीवरून काढला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. मग तो भिजत टाकला. त्या दिवशी तिने केस विंचरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. हे मला आज, हे लिहिताना कळतं आहे. किंवा तेव्हाच कळलं होतं.

मी गेल्यावर वासरं मरतील अशी मला भीती नव्हती. आईची रीत आहे, असंच मला वाटत होतं. मी मोडत होते ते माझं पाप होतं, आणि रीत तिच्या जागी होती. चाळीस वर्षं मी शिवणमंडळात तेच सांगत आले. आईच्या हातून एकही वासरू गेलं नाही.

औनेला लिहिलं आहे. डॉक्टरचं म्हणणं आता पटण्यासारखं आहे आणि तिने नाताळच्या आत घरी यावं, असं लिहिलं. चुकलं, हा शब्द लिहिला नाही. लेखणी तिथवर नेली होती. मग त्या जागी हवामानाबद्दल लिहिलं.

उत्तर नाही आलं. तुझ्याकडे आलं का?

हेडविग


ल्युंगहुल्ट, १६ जानेवारी १९७७

हेडविग,

माझ्याकडेही नाही आलं. म्हणून मी बुरोसला गेलो. गिरणीच्या फाटकापाशी उभा राहिलो. पाळी सुटली तेव्हा ती दोघी-तिघींबरोबर बाहेर आली, डोक्याला रुमाल. मला पाहिल्यावर त्यांना काहीतरी म्हणाली. त्या पुढे गेल्या.

"वासरू कसं आहे?" तिने विचारलं.

"वाढतंय. शिंगं फुटताहेत."

"मग झालं तर."

मी तिला दोरीचं सांगितलं. माझं आणि तुझंही. तुझ्या एप्रनचंही सांगितलं. बर्फ पडत होता. ती सगळं ऐकून घेईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हां सगळ्यांना माहीत होतं."

"माहीत नव्हतं. नुसतं करत होतो."

"तेच तर. तुम्ही केलंत तेव्हा ती माया. मी केलं तेव्हा?"

तुला हे लिहिलं नव्हतं. त्या दिवशी गोठ्यात मी तिला म्हणालो होतो, या घरात आजवर चोर नव्हता. ती बादली हातात घेऊन उभी होती. मी बादली ओढून घेतली. किएलोला मात्र सुरुवातीपासून तीच पाजत होती; दूध अजून कोमट होतं. ती म्हणाली, "हिला आधी पाजू दे, मग बोल." मी पाजू दिलं नाही. मीच पाजलं, ती भिंतीपाशी उभी असताना. वासरू माझी बोटं घेईना. तिची घेत होतं.

फाटकापाशी मी म्हटलं, "चल घरी." ती म्हणाली, "कोणतं घर? मला तिथे एक काम येत होतं, ते तू काढून घेतलंस. घर राहिलं तुझ्या आईचं."

जाताना म्हणाली, "बहिणीचं पत्र मिळालं म्हणून सांग. अक्षर सुंदर आहे."

सिक्स्टेन


येन्शेपिंग, २ फेब्रुवारी १९७७

प्रिय सिक्स्टेन,

शिवणमंडळाचं अध्यक्षपद सोडलं. गुडघ्यांचं कारण सांगितलं. श्रीमती एकलुंड आता बघतील.

यापुढे बरणी पाठवू नकोस.

हेडविग


ल्युंगहुल्ट, ८ ऑक्टोबर १९७८

प्रिय हेडविग,

दीड वर्षाहून जास्त लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. वासरं जगताहेत. गेल्या वर्षी सातही जगली, यंदा आतापर्यंत पाच. चुन्याच्या भिंतीला मी दार पाडलं आहे. डॉक्का वसंतात गेली, म्हातारपणाने.

किएलो सव्वीस सप्टेंबरला पहिल्यांदा व्याली. दुपारी, उजेडात. कालवड. तिला मी गायीपाशीच राहू दिलं. उठायला वीस मिनिटं लागली. पहिल्यांदा पुढच्या पायात शोधत होती, मी हात लावला नाही, मग सापडलं. तोंडाला फेस आला तो मी पुसला नाही. तसाच सुकू दिला.

तिचं पोट भरल्यावर उरलेला पिळला. आईची बरणी काढली. ती दोन वर्षं तळघरात होती, तू पाठवलीस तशीच, आत सुकलेला थर. तो खरवडून काढला, पाण्याने विसळली, भरली. वर चिठ्ठी लावली, "किएलोचा. वासराचं पोट भरून उरलेला." आणि बुरोसच्या बसमध्ये ठेवली. बाकी काही लिहिलं नाही. काय लिहायचं ते मला सुचत नव्हतं, आणि मला वाटलं, औनेला ते वाचता येईल.

काल बस आली. चालक म्हणाला, "तुझी बरणी आहे. हलकी आहे." टोपलीत कागदात गुंडाळलेली होती, तीन पदरी. मी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडली. चिठ्ठी नव्हती. चीक नव्हता, म्हणजे तिने तो घेतला. खाल्ला असेल, किंवा गिरणीतल्या बायकांना दिला असेल. नाहीतर ओतून टाकला असेल.

बरणी धुतलेली होती. सोड्याने, गरम पाण्याने. झाकणाच्या रबराखालीसुद्धा. मी ती खिडकीकडे धरली. कुठे एक डाग नव्हता. इतकी स्वच्छ ती आईच्या हयातीतही नव्हती.

किएलो मात्र आटलेली नाही. आज सकाळी अकरा लिटर.

सिक्स्टेन